वसतिगृहातला आपलेपणा नेमका कुठे तयार होतो?

एका महाविद्यालयाच्या बांधकाम समितीवर असलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न आहे: नवं वसतिगृह बांधायचं ठरलंय. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि खोलीतच बाथरूम हवं, अशी विद्यार्थ्यांची मागणी आहे. समितीतल्या ज्येष्ठांना भीती वाटते की असं केलं तर मुलं एकमेकांना ओळखणारही नाहीत. इमारतीच्या रचनेचा मुलांच्या एकोप्याशी खरंच इतका संबंध असतो का? असेल तर आम्ही नेमकं काय बघावं?

संबंध असतो, आणि बहुतेकांना वाटतो त्याहून बराच जास्त असतो. मी अनेक वर्षं रेक्टर होते. आता नव्या वसतिगृहांचे नकाशे तपासून सल्ला देते. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. समितीचा सगळा वेळ खोलीवर जातो. खोली किती चौरस फुटांची, कॉट एक की दोन, कपाट कुठल्या भिंतीला. दाराबाहेर काय असणार हा विषय बैठक संपता संपता उरकला जातो. मुलांच्या ओळखी मात्र दाराबाहेरच होतात.

म्हणून नकाशा समोर आला की मी दोन प्रश्न विचारते. या खोलीत राहणारी मुलगी काहीही न ठरवता दिवसभरात कोणाकोणाला भेटेल? आणि ज्या दिवशी तिला कोणालाच भेटायचं नसेल, त्या दिवशी तिला ते टाळता येईल का? पहिली काळजी तुमच्या समितीतल्या ज्येष्ठांची आहे, दुसरी विद्यार्थ्यांची. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच त्या इमारतीत माणसं एकमेकांची होतात. एकाचंच उत्तर ‘हो’ असेल तर एक तर मुलं एकलकोंडी होतात, नाही तर एकमेकांना वैतागतात.

पहिल्या प्रश्नावरचा एक जुना अभ्यास मी आजही प्रत्येक समितीला सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभी राहिली. राहणाऱ्यांत बरेच जण सैन्यातून परतलेले होते, आणि शेजारी कोण मिळणार हे फारसं कोणाच्या हातात नव्हतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनले शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी तिथल्या मैत्रीचा माग काढला आणि १९५० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली इमारती, एका मजल्यावर पाच घरं. लगतच्या दोन घरांत जवळची मैत्री जुळण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं. मध्ये एक घर असेल तर २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत जेमतेम १० टक्के. ही दोन टोकं तरी किती लांब? नव्वद फुटांच्या आत. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं अंतर, आणि तरी मैत्री चौपटीने कमी.

मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. खालच्या मजल्यावर ज्यांची घरं जिन्याच्या पायथ्याशी होती, त्यांच्या वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळखी झाल्या होत्या, कारण वरची माणसं येता-जाता त्यांच्या दारावरून जायची. याउलट वसाहतीच्या दुसऱ्या भागात काही घरांची दारं आतल्या अंगणाऐवजी रस्त्याकडे उघडत होती. ती माणसं इतरांच्या इतकीच जवळ राहूनही एकटी पडली. म्हणजे फूटपट्टीने मोजलेलं अंतर एक आणि पायाखालची वाट दुसरी. ओळखी वाटेवर होतात.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका वसतिगृहात पिण्याच्या पाण्याचा कूलर पॅसेजच्या अगदी टोकाला, अंधाऱ्या कोपऱ्यात होता. मुली बाटली भरायच्या आणि मागे फिरायच्या. पुढे पाइपलाइन बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही तो कूलर जिन्याच्या मधल्या रुंद टप्प्यावर आणला, भिंतीला एक लांब बाक लावला आणि नोटीस बोर्ड समोर टांगला. एवढंच. आता वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांच्या मुली तिथे यायला लागल्या. बाटली भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ‘कुठल्या ब्रँचला गं तू?’ एवढं विचारून होतं. पुढच्या वेळी नाव विचारलं जातं. आधी उभ्या उभ्या, मग बाकावर बूड टेकवून, मग परीक्षेच्या दिवसांत वह्या घेऊन. पहिल्या वर्षाची एक मुलगी मेसमध्ये रोज एकटी, मोबाइलमध्ये डोकं घालून जेवायची. एका संध्याकाळी ती त्या बाकावर दोन सीनियर मुलींना गणितातलं काहीतरी समजावून सांगताना दिसली. तिला कोणी ओळख करून दिली नव्हती. आम्ही सत्राच्या सुरुवातीला घेतलेल्या ‘परिचय मेळाव्या’त तर ती आलीच नव्हती.

कार्यक्रम घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण कार्यक्रमाला जी मुलं येतात ती मुळातच बोलकी असतात. लाजऱ्या, नवख्या, भाषेची अडचण असलेल्या मुलाला लागतात त्या छोट्या भेटी, पुन्हा पुन्हा होणाऱ्या, ज्यांत फार बोलावं लागत नाही. त्या भेटी घडवून आणण्याची ताकद इमारतीत असते, रेक्टरमध्ये नसते.

आता दुसरा प्रश्न, टाळता येण्याचा. इथे ज्येष्ठ मंडळी बहुतेक वेळा चुकतात. ‘आमच्या वेळी पस्तीस जणांत एक बाथरूम होतं, म्हणून आम्ही एकमेकांचे झालो,’ हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलंय. याची नीट तपासणी अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात केली. त्यांचं लेखन १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं. एका प्रकारच्या इमारतीत लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दोघादोघांच्या खोल्या आणि तिसाहून जास्त मुलांत मिळून एक बाथरूम आणि एक बैठक. दुसऱ्या प्रकारात चार ते सहा मुलांचा एक गट, त्यांच्या दोन-तीन खोल्या, त्यांची छोटी बैठक आणि त्यांचं बाथरूम. माणशी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच. तरीही लांब पॅसेजवरच्या मुलांना सतत गर्दी वाटायची. त्यांना माणसं टाळावीशी वाटायची. इतकंच नाही, वसतिगृहापासून दूर, प्रयोगासाठी एका खोलीत अनोळखी माणसाबरोबर थांबायला सांगितलं तर ही मुलं त्याच्यापासून लांबची खुर्ची निवडायची आणि त्याच्याकडे कमी बघायची. घरातली सवय बाहेरही सोबत आली होती.

कारण उघड आहे. सकाळी ब्रश घेऊन बाहेर पडलं की समोर कोण येईल यावर काहीच ताबा नाही. काल ज्याच्याशी भांडण झालं तोच टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत पुढे उभा. अशा वेळी माणूस नजर चुकवायला शिकतो. आणि सगळेच नजर चुकवायला लागले की तीस जणांच्या मजल्यावर कोणी कोणाचं राहत नाही. बॉम यांनी पुढे ग्लेन डेव्हिस यांच्याबरोबर याच्यावर उपायही करून पाहिला, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. एका लांब पॅसेजच्या मधल्या तीन खोल्या काढून तिथे बैठक केली आणि दारं बसवून पॅसेजचे दोन भाग केले. दारांना कुलूप नव्हतं, कोणीही पलीकडे जाऊ शकत होतं. तरीही एका लांब मजल्याचे दोन लहान मजले झाले आणि तिथल्या मुलांना गर्दी कमी वाटू लागली, आपसातलं बोलणं वाढलं. जुन्या इमारतीतच काही करायचं असेल, नव्याला पैसा नसेल, तर मी आजही हाच उपाय सुचवते.

मात्र यावरून चौघांचे बंद फ्लॅट करून मोकळं होऊ नका. चार जणांच्या गटात तिघांचं जमलं आणि एकाचं नाही, तर त्या एकाला जायला दुसरी जागाच उरत नाही. लांब पॅसेजवर निदान दहा दारं पुढे गेल्यावर कोणीतरी समविचारी सापडतं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, ज्यांना अजून कोणीच माहीत नाही, अति लहान गट मला धोक्याचा वाटतो. माझ्या अनुभवातला आकडा दहा ते सोळा. एवढ्या माणसांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ होतात, कोणी दोन दिवस दिसलं नाही तर लक्षात येतं, आणि एकाशी बिनसलं तरी बाकीचे असतात.

हा आकडा माझा एकटीचा नाही. कोपनहेगनमधलं टिटगेन वसतिगृह, जे २००६ मध्ये पूर्ण झालं, ते गोल आहे. सात मजले, ३६० खोल्या. पण या ३६० खोल्या बारा-बारांच्या गटांत विभागलेल्या आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःचं स्वयंपाकघर आणि बैठक आहे. खोल्या बाहेरच्या बाजूला तोंड करून आहेत, सामाईक जागा आतल्या गोल अंगणाकडे. खोलीत गेलात की तुम्ही एकटे. बाहेर आलात की समोरच्या गटात काय चाललंय ते काचेतून दिसतं. माझे दोन्ही प्रश्न या नकाशाला विचारून बघा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत हीच गोष्ट शतकानुशतकं जिन्याने साधली आहे. तिथे खोल्या लांब पॅसेजवर नसून जिन्यावर उघडतात, प्रत्येक जिन्याला अंगणात स्वतंत्र दार असतं, आणि एका जिन्याची मुलं म्हणजे एक छोटा शेजार. पुढे अमेरिकेतली विद्यापीठं फुगत गेली तेव्हा एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून हार्वर्डने १९३० पासून ‘हाउस’ आणि येलने १९३३ पासून ‘रेसिडेन्शियल कॉलेज’ बांधली, तीही याच ओढीने: मोठ्या संस्थेत मुलाला आपलं म्हणता येईल असं काहीतरी लहान मिळावं.

एका नकाशाचा उल्लेख इशारा म्हणून करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांसाठी मंगर हॉल नावाचं अवाढव्य वसतिगृह बांधायचं घाटत होतं. देणगीदार चार्ली मंगर यांची कल्पना अशी की प्रत्येकाला स्वतंत्र पण लहान खोली द्यायची. बहुसंख्य खोल्यांना खिडकीच नाही. म्हणजे मुलं आपोआप सामाईक जागेत येऊन बसतील. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या रचना समितीवरचे वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी राजीनामा दिला, मोठा गदारोळ झाला, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो आराखडा सोडून दिला. योग्यच झालं. खोली राहण्यालायक न ठेवून माणसांना बाहेर काढणं म्हणजे बळजबरी आहे. ज्याला आत जाऊन दार लावता येतं, तोच मोकळ्या मनाने बाहेर येतो.

तर तुमच्या मूळ प्रश्नाकडे. स्वतंत्र खोलीला माझा विरोध नाही. पहिल्या वर्षाला दोघांची खोली आणि दुसऱ्या वर्षापासून एकट्याची, अशी विभागणी मी सुचवेन. नवीन गावात, नवीन कॉलेजात आलेल्या मुलाला मेसमध्ये सोबत जायला एक हक्काचं माणूस लागतं. रूममेट पुढे जिवलग नाही झाला तरी पहिले दोन महिने तो तारून नेतो. खोलीतल्या बाथरूमला मात्र मी नाही म्हणेन. चार ते सहा जणांत एक संडास-बाथरूम, पूर्ण बंद, नीट कडी असलेलं. आणि तोंड धुण्याची बेसिन बाहेर, उजेडाच्या जागी, तीन-चार ओळीने. दात घासताना होणारी भेट कोणाच्याही खाजगीपणावर घाला घालत नाही. अपंग विद्यार्थ्यांच्या खोल्यांना आतलं बाथरूम द्यायलाच हवं. पण त्या खोल्या सगळ्या तळमजल्यावर एका कोपऱ्यात गोळा करू नका, लिफ्ट आहे तर प्रत्येक गटात एक-दोन ठेवा. नाही तर ज्यांना शेजाराची सगळ्यांत जास्त गरज, त्यांचाच वेगळा वाडा होतो.

इमारत झाली की खोल्या कोणाला कशा द्यायच्या हा विषय येतो, आणि तो रचनेइतकाच भारी आहे. मुलांनाच निवडू दिलं तर काय होतं हे प्रत्येक रेक्टरला माहीत आहे: एका गावचे एकत्र, एका भाषेचे एकत्र, एका जातीचे किंवा धर्माचे एकत्र. प्रत्येक विंगला एक शिक्का बसतो. हार्वर्डमध्ये पूर्वी मुलं आपापलं हाउस निवडत, आणि एखादं हाउस खेळाडूंचं, एखादं कलावंतांचं होऊन बसलं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ही निवड काढून चिठ्ठी पद्धत आणली. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट निवडणं बंद केलं. तिथल्याच डार्टमथ कॉलेजमध्ये रूममेट नशिबानेच मिळत असल्याने अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांना त्याचा परिणाम मोजता आला. २००१ मधल्या त्या अभ्यासात गुणांवर रूममेटचा थोडा परिणाम दिसला, विद्यार्थ्यांच्या कोणत्या मंडळात सामील व्हायचं यावर बराच दिसला, आणि मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर दिसला नाही. मला हे अगदी ओळखीचं वाटतं. रूममेट तुमचं करिअर ठरवत नाही, संध्याकाळी तुम्ही कोणाबरोबर असता ते ठरवतो.

मिसळून ठेवलं की मनं आपोआप मिसळतात, असं मात्र समजू नका. नताली शूक आणि रसेल फाझिओ यांच्या २००८ मधल्या अभ्यासात श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांना काहींना श्वेतवर्णीय, काहींना कृष्णवर्णीय रूममेट योगायोगाने मिळाले होते. वेगळ्या वंशाच्या जोड्या एकमेकांसोबत कमी वेळ घालवत होत्या आणि कमी समाधानी होत्या. तरीही सत्राअखेर त्या विद्यार्थ्यांच्या मनातला खोलवरचा पूर्वग्रह कमी झाला होता. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. खोलीत कुरबुर चालू असतानाही आत काहीतरी सरकत असतं, म्हणून तक्रार आली की लगेच खोली बदलून देण्याची घाई मी करत नसे. छळ, अपमान, धमकी असेल तर त्याच दिवशी खोली बदलायची, तिथे एक रात्रही थांबायचं नाही. बाकी दिवा कधी बंद करायचा, पाहुणे किती वेळ बसणार, यावर दोघांना समोरासमोर बसवून लिहून घ्यायचं.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत तर हिशेब करून गट पाडले होते. अभ्यासात मागे असलेल्यांना मुद्दाम हुशार मुलांच्या तुकडीत घातलं, म्हणजे त्यांचे गुण वाढतील. उलटंच झालं, त्यांचे गुण कमी झाले, कारण तुकडीच्या आत मुलांनी आपापल्यासारख्यांचे कंपू केले. स्कॉट कॅरेल, सॅसरडोट आणि जेम्स वेस्ट यांनी २०१३ मध्ये हे मांडलं. यादी करून माणसं शेजारी आणता येतात, ती कोणाशी बोलतील ते यादीतून ठरत नाही. त्यासाठी पुन्हा वाट, बाक आणि वेळ लागतो.

वेळेबद्दल थोडं कडक बोलते. मुलींच्या वसतिगृहाचं गेट मुलांच्या आधी बंद होतं तिथे मुलींचा आपसातला शेजार घट्ट होतो, हे खरं आहे. पण त्याची किंमत त्या भरतात. संध्याकाळची लायब्ररी, प्रयोगशाळेतलं उशिरापर्यंतचं काम, नाटकाची तालीम, यांतून त्यांची नावं हळूहळू गळतात. वसतिगृहाचा आपलेपणा कॉलेजच्या बदल्यात मिळणार असेल तर तो नको. गेटची वेळ दोघांना एकच हवी आणि परतीची वाट उजेडाची हवी.

घट्ट गटाची दुसरी बाजूही बांधकाम समितीनेच बघावी, कारण रॅगिंगलाही जागा लागते. जिथे सीनियरांचा मजला वेगळा, जिना एकच, टोकाला कोणाची ये-जा नसलेली कॉमन रूम, तिथे ते फोफावतं. प्रत्येक मजल्याला दोन बाजूंना जिने, कॉमन रूमच्या दाराला काच, आणि रेक्टरचं किंवा सहायकाचं घर इमारतीच्या आत, पण मुलांच्या रोजच्या वाटेच्या थोडं कडेला. रेक्टरच्या दारावरून जायचं नसेल तरी ते टाळताच येऊ नये, असं नको.

वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांना, डे स्कॉलर मुलांना, या सगळ्यात कोणी धरत नाही. लांबून प्रवास करून येणाऱ्या मुलाला तासांच्या मध्ये बसायला लायब्ररीची पायरी मिळते. तळमजल्यावर एक खोली, कुलूपबंद कपाटं, आणि मेसचं सुट्टं कूपन एवढं दिलंत आणि प्रत्येक डे स्कॉलरचं नाव एका गटाच्या यादीत घातलंत, तर त्यालाही येऊन बसायला एक ठिकाण होईल. हा खर्च एकूण बांधकामात दिसणारही नाही.

पुढच्या बैठकीला सध्याच्या वसतिगृहातले तीन-चार विद्यार्थी, पॅसेज झाडणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांना बोलवा. रात्री दहानंतर मुलं कुठे बसतात, कोणत्या पायरीवर, कोणत्या कठड्याला टेकून, आणि कोणत्या जागेकडे कोणी फिरकत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. त्या जागा जुन्या नकाशावर पेन्सिलीने खुणावून घ्या, प्रत्येक ठिकाणी काय आहे ते लिहा: उजेड, वारा, पाणी, मोबाइलची रेंज. तो कागद वास्तुविशारदाच्या हातात द्या, आणि खोल्यांचं माप त्यानंतर ठरवा.